गाळा नंबर सात

दोंडाईच्यात मिरचीचं गोडाऊन घेतलं,
रुळांच्या अलीकडचं, पत्र्याचं.
पेन्शनीच्या पैशांत तेवढंच बसत होतं.
शटर वर केलं तशी
यशोमती सात वेळा शिंकली, मी अकरा.
अजबसिंग मिस्तरी बाहेरच उभा राहिला, नाकाला रुमाल :
"दादा, हाई घर नही, हाऊ ठेचा शे."

भिंती तीनदा धुतल्या.
तिसऱ्यांदाही पाणी लालच वाहिलं,
गटारीपाशी झोपलेलं कुत्रं उठून
समोरच्या बोळात गेलं, ते गेलंच.

मग बिलं जमू लागली.
सिमेंट, सळई, फरशी, चौकटी,
संडासाचं भांडं (पांढरं; गुलाबी महाग पडत होतं).
प्रत्येकाच्या तळाशी त्याच दोन ओळी,
अर्धा कर केंद्राचा, अर्धा राज्याचा,
एका ताटात जेवायला बसलेले दोन साडू.

मी बिलं तारखेवार लावली,
टाचणी डाव्या कोपऱ्यात, टोक आत.
एकतीस वर्षं धुळ्याच्या विक्रीकर कार्यालयात
परताव्याच्या टेबलावर बसलो होतो.
'त्रुटी' हा शब्द इतक्यांदा लिहिला
की माझ्या अक्षरात तोच सगळ्यांत देखणा येतो.

टाटिया वकिलानं चष्मा पुसला, गठ्ठा चाळला.
एकेकाळी तो माझ्यासमोर उभा असायचा.
"साहेब," म्हणाला (अजून साहेबच म्हणतो),
"मिरची होती तोवर सगळं वळतं व्हायचं.
पोत्याचा कर, सुतळीचा, काट्याच्या दुरुस्तीचासुद्धा.
कारण मिरची पुढं जायची, कर तिच्या पाठीवर बसून
इंदूरला उतरायचा, तिथून कुणाच्या तरी फोडणीत.
घर पुढं कुठं जातं?
तुम्ही इथं राहणार.
राहणाऱ्याला परतावा नसतो."

मला हे पाठ होतं.
तरी विचारलं.
माझ्याकडे येणाऱ्यांनाही पाठच असायचं बहुतेक.

तळोद्याचा एक सायकलवाला होता, हसमुख नावाचा,
दुकानात मधोमध भिंत घालून मागे संसार मांडलेला.
त्या भिंतीच्या विटांवरचा कर परत मागत
नऊ वेळा आला, एसटीनं, डबा घेऊन.
मी विचारलं, दुकान की घर? एक काय ते लिहा.
"दिवसा दुकान, साहेब. रात्री घर."
मी लिहिलं : त्रुटी.
त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला,
अक्षर छान आहे तुमचं.

रात्री वीज गेली तेव्हा मेणबत्तीशी बसून
मी माझा अर्ज लिहिला.
विषय, संदर्भ, सोबत त्रेसष्ट बिलं.
मग समासात, साहेबाच्या बाजूनं,
त्याच पेनानं शेरा मारला
आणि कागद घडी घालून
डुगडुगणाऱ्या पलंगाच्या पायाखाली सरकवला.
पलंग आता हलत नाही.

एका भिंतीला मात्र चुना लावू दिला नाही यशोमतीनं.
हमालांनी कोळशानं ओढलेल्या रेघा तिथं,
चार उभ्या, एक आडवी,
किती पोती आली, किती गेली.
शेवटच्या आडव्या रेघेपुढं
ती आता दुधाचे लिटर ओढते.

दारासाठी पैसे उरले नाहीत, शटरच राहिलं.
काल सकाळी ते कुणीतरी खडखडवलं.
शिंदखेड्याकडचा माणूस, हातात रिकामी गोणी :
"लवंगी शे का?"
यशोमतीनं शटर कंबरेइतकं वर केलं, वाकली.
"नही भाऊ. आठे आम्ही ऱ्हातस."
तो शिंकला. ती शिंकली.
मग तिनं त्याला पाणी दिलं.

मी आत दाढी करत होतो.
वाक्य पुन्हा एकदा मनात तपासलं,
जुन्या सवयीनं, शब्द शब्द करून.
त्रुटी नव्हती.